पुण्याची डिझेल गाडी गोठवणाऱ्या थंडीत नेताना

पुण्यात पहाटे पारा 10 अंशांखाली उतरला की आपण स्वेटर शोधतो, पण त्या थंडीने डिझेल गाडी कधी अडत नाही. म्हणूनच हिवाळ्यात स्पीती किंवा लडाखला निघालेले पुणेकर टायर आणि ब्रेक तपासून घेतात, मात्र टाकीत काय आहे याचा विचार करत नाहीत. गाडी बहुधा तिथेच दगा देते.

डिझेलमध्ये मुळातच मेणासारखे पॅराफिन असते. कडाक्याच्या थंडीत त्याचे बारीक स्फटिक तयार होतात, आणि डिझेल पूर्ण गोठण्याच्या बरेच आधी ते फिल्टरमध्ये साचून इंजिनाचा इंधनपुरवठा थांबवतात. त्यामुळे सखल प्रदेशात भरलेले डिझेल चढाईपर्यंत शक्य तितके वापरून संपवावे आणि टाकी साधारण पावभर उरली असताना वरच्या भागातील पंपावर ती पूर्ण भरावी. इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी आणलेले हिवाळी डिझेल उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. तेच मिळते आहे ना, हे पंपावर स्पष्ट विचारावे. भरल्यावर लगेच मुक्कामी थांबू नये, कारण फिल्टर आणि नळ्यांमध्ये अजून जुनेच डिझेल असते. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवली म्हणजे नवे तिथपर्यंत पोहोचते. रात्री टाकी भरलेली असावी, म्हणजे आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी कमी होते.

डिझेल साकळू नये म्हणून त्यात रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला आजच्या कॉमन रेल, म्हणजे फार मोठ्या दाबाने इंधन फवारणाऱ्या गाडीसाठी मुळीच मानू नये. तिच्या उच्चदाबाच्या पंपाला वंगण डिझेलच पुरवते आणि रॉकेलमुळे ते कमी पडते. टाकीखाली शेकोटी पेटवणे तर थेट जिवाशी खेळणे आहे. डिझेल साकळलेच, तर स्टार्टर मारत न बसता गाडी उन्हात ढकलावी, फिल्टरला गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळावे किंवा सोबत नेलेला नवा फिल्टर बसवावा.

निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये फिल्टरमधील पाणी काढून घ्यावे आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव तपासावे. आपल्याकडे कूलंट कमी झाले की नळाचे पाणी ओतण्याची सवय आहे. पुण्यात ते खपून जाते, पण वर तेच पाणी गोठून प्रसरण पावते आणि इंजिनाचा ब्लॉक फोडू शकते. इथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत टिकते. बॅटरी जुनी असेल तर बदलूनच निघावे, कारण उणे 18 अंशांच्या आसपास तिची ताकद जवळपास निम्मी होते, तर घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर 15डब्ल्यूऐवजी थंडीत अधिक पातळ राहणारे 5डब्ल्यू श्रेणीचे इंजिन तेल भरावे. ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण, लागणाऱ्या गाडीत ते उणे 11 अंशांना गोठते; त्यात काहीही मिसळू नये, ते वितळवण्याची सोय गाडीतच असते.

सकाळी किल्ली फिरवून ग्लो प्लगचा, म्हणजे सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा, दिवा विझेपर्यंत थांबावे आणि क्लच दाबूनच इंजिन सुरू करावे. मग एक-दोन मिनिटांनी कमी वेगात निघावे. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत इंजिन लवकर गरम होते. रात्री बर्फ पडला असेल तर सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड मोकळे करावे, अन्यथा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरू शकतो. त्याला वास नसतो, म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणे टाळावेच.

रस्त्यावर सर्वाधिक धोका दिसणाऱ्या बर्फाचा नसून सावलीतल्या वळणावर, नाल्याचे पाणी वाहून गोठलेल्या पारदर्शक थराचा असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो. तिथे ब्रेक न मारता आधीच खालचा गिअर टाकून, स्टीअरिंग हलके धरून सरळ पार व्हावे. बर्फावर पकड देणाऱ्या टायरच्या साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांनाच, आणि घसरण सुरू होण्यापूर्वी सपाट जागी लावाव्यात. हे काम पुण्यात घरासमोर दोनदा करून पाहिले असेल तर गारठलेल्या बोटांनीही जमते.

मुक्कामी हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, वायपर काचेपासून उचलून ठेवावेत आणि बॉनेट पूर्वेकडे करावे, म्हणजे सकाळचे पहिले ऊन इंजिनावर पडेल.