जुन्या स्पीकरांसाठी नवा स्टिरिओ रिसीव्हर निवडताना

स्पीकर ठणठणीत आहेत, रिसीव्हरने (अॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच डब्यात असलेल्या सेटने) मात्र मान टाकली, की पावलं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीकडे वळतात आणि चर्चा सुरू होते ती 'किती वॉटचा?' इथून. हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. स्पीकर भिंतीपासून ओढून त्यांची पाठ वाचा. तिथे 8, 6 किंवा 4 ओहम असं लिहिलेलं असतं, हा स्पीकरचा करंटला होणारा विरोध. लेबल गेलं असेल तर वायरी काढून मल्टिमीटर 200 ओहमच्या रेंजवर लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करायचा. मीटर मूळ आकड्यापेक्षा कमीच दाखवतो. साडेपाच ते सातच्या दरम्यान आलं तर स्पीकर बहुधा 8 ओहमचा, तीन-साडेतीन आलं तर 4 ओहमचा. पुढची जाळी काढून कोनच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) कडेला फोम असेल तर तो बोटाने अलगद दाबून बघा. हाताला भुगा लागला तर आधी फोम बदला, रिसीव्हर नंतर.

ओहम जितका कमी तितका रिसीव्हरमधून करंट जास्त ओढला जातो. मागच्या बाजूला '6 ते 16 ओहम' छापलेल्या सेटला 4 ओहमचे स्पीकर लावले तर हळू आवाजात सगळं गोड चालतं. गणपतीत आवाज वाढवला की सेट तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज तोडून, गप्प होतो. 'ए' आणि 'बी' अशा स्पीकरच्या दोन्ही जोड्या एकदम लावणाऱ्यांनी आणखी जपावं, कारण बहुतेक सेटमध्ये 8 ओहमच्या दोन जोड्या मिळून 4 ओहमचाच भार पडतो.

आता वॉट. त्याच्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती मोठ्याने वाजतो, ते बघा. 87 डेसिबल म्हणजे 1 वॉट दिल्यावर 1 मीटरवर मिळणारा आवाज. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणून 50 आणि 100 वॉटच्या सेटमधला फरक किमतीत जितका दिसतो तितका कानाला जाणवत नाही. फ्लॅटच्या हॉलमध्ये रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॉट पुरतात, उरलेले तबल्याच्या थापेसाठी राखीव. 87-88 डेसिबलच्या 8 ओहम स्पीकरला खरेखुरे 50 वॉट भरपूर झाले. 4 ओहमच्या स्पीकरवर '2.83 व्होल्टला' असं लिहिलेलं असेल तर तिथे प्रत्यक्षात 2 वॉट जातात, तेव्हा आकड्यातून 3 वजा करूनच तुलना करा.

खरेखुरे म्हणजे कोणते? दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू, 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ आणि डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) 0.1 टक्क्याच्या आसपास, असं लिहिलेले. '1 किलोहर्ट्झ, 10 टक्के' असेल तर आकडा फुगवलेला समजा. पीएमपीओ या जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॉटकडे तर ढुंकूनही बघू नका. आणि ट्वीटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) जास्त वॉटच्या सेटनेच जळतो असं नाही. लहान सेट पिळून काढला की आवाज क्लिप होतो, म्हणजे लहरींची टोकं छाटली जातात, आणि तेव्हाही ट्वीटरचाच बळी जातो.

टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) ठेवा, नाहीतर स्टिरिओ रिसीव्हर मुका राहील. रेकॉर्ड प्लेअरसाठी 'फोनो' इनपुट हवं. साध्या इनपुटला लावल्यास आवाज बारीक आणि पोकळ येतो.

अमेरिकेहून आणलेला सेट स्वस्तात मिळतो, पण तो 120 व्होल्टचा. आपल्या 230 व्होल्टला थेट लावलात तर संपलाच, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. दुसरी गोम ट्यूनरची. तिकडचे डिजिटल ट्यूनर मीडियम वेव्हवर 10 किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतात आणि आकाशवाणी पुणे आहे 792 वर, म्हणजे 790 च्या पुढे थेट 800. काही सेटच्या मागे 9 आणि 10 चा स्विच असतो, तो आहे का ते बघून घ्या.

जुना सेट घेताना स्पीकर न जोडता चालू करा. काही सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) 'टक्' आवाज यायला हवा. मग स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, 100 च्या वर असेल तर सेट सोडून द्या. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, तेवढ्यासाठी चांगला सेट नाकारू नका, भाव पाडून मागा.

जोडताना दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच-सात मीटरपर्यंत निवांत चालते. टोकं पिळून घ्या. तांब्याचा सुटलेला एक केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी शॉर्ट होतो. वायरीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल रिसीव्हरकडच्या टोकांना क्षणभर लावा. वूफर (मोठा, बासचा स्पीकर) बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लसची, आत गेला तर उलट. एका स्पीकरची तार उलटी लागली की बास गळून जातो आणि दोष बिचाऱ्या नव्या रिसीव्हरला लागतो. सेट बंद शोकेसमध्ये कोंबू नका, वर 10 सेंटीमीटर तरी मोकळी जागा ठेवा.