पडदाही वाजला पाहिजे : उत्स्फूर्त संगीत आणि अमूर्त व्हिडिओची मैफल कशी उभी करावी

पहिल्यांदा अशी मैफल केली तेव्हा आम्ही सगळ्यात सोपी वाट धरली. माइकचा आवाज सरळ व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये सोडला. आवाज वाढला की वर्तुळ फुगणार, खर्जात काही वाजलं की पडदा लाल होणार. पाच मिनिटं मजा आली. सहाव्या मिनिटाला लोकांना युक्ती कळली आणि उरलेला अर्धा तास पुढे काय दिसणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. वादक जीव तोडून नवं काहीतरी शोधत होते आणि त्यांच्या मागे एक वर्तुळ नुसतं मान डोलावत होतं.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली : व्हिडिओ करणारा माणूस हाही वादकच. त्याने संगत करायची. चांगला तबलजी गायकाची प्रत्येक तान उचलत बसत नाही. कुठे साधा ठेका धरतो, कुठे एखादीच जागा भरतो, कुठे मुद्दाम उलटा जातो. पडद्याकडूनही तेवढीच अपेक्षा आहे. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १ : माणसं जमवा, पण थोडी

दोन वादक, एक व्हिडिओवाला आणि एक ध्वनी सांभाळणारा, एवढ्यात सुरुवात होते. उत्स्फूर्त वादनात ऐकणं हेच अर्धं काम असतं, आणि पाच-सहा जण झाले की कोणीच कोणाला ऐकत नाही. दोघा वादकांपैकी एकाच्या वाद्याचा स्वर लांब टिकणारा असावा आणि दुसऱ्याचा तुटक, टणक. दोघांचाही स्वर लांब असेल तर चाळीस मिनिटं धुकं होतं. ध्वनीवाला शांत डोक्याचा बघा. त्या रात्री काही बिघडलं की सगळे त्याच्याकडेच बघणार आहेत.

पायरी २ : चित्र कशाचं, ते ठरवा

इथे वेळ द्या, कारण मैफलीचा पोत इथेच ठरतो. थॉमस विल्फ्रेडने ‘क्लाव्हिलक्स’ नावाचं प्रकाशाचं वाद्य बनवलं आणि १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते जाहीरपणे वाजवून दाखवलं. प्रकाश ही स्वतंत्र कला आहे असं तो मानत असे आणि बहुतेकदा ते संगीताशिवाय, शांततेतच सादर करी. त्याच्याकडून मी एक कसोटी घेतली आहे. तुमचं चित्र आवाज बंद करून पाच मिनिटं बघा. तुम्हालाच कंटाळा आला तर संगीत त्याला वाचवणार नाही.

सामग्रीच्या तीन वाटा मी आलटूनपालटून वापरते.

पहिली वाट तेल-पाण्याची. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात जोशुआ लाइट शो हा गट वादकांच्या मागे हेच करत असे. मोठ्या भिंतीवरच्या घड्याळाची असते तशी फुगीर काच घ्यायची, तिच्यात रंगीत पाणी आणि रंगहीन खनिज तेल ओतायचं आणि वर तशीच दुसरी, थोडी लहान काच ठेवायची. खाली ओव्हरहेड प्रोजेक्टर. वरची काच बोटाने दाबली की पाण्याचे थेंब फुटून पसरतात, सोडली की परत गोळा होतात. हलक्या दाबाने तो पडदा अक्षरशः श्वास घेतो. दाब, उचल, गोल फिरवणं या तीन हालचाली हातात बसल्या की बोटांना वाद्य मिळालं समजा. रंग बेताने घाला. चौथा रंग पडला की सगळ्याचा चिखल होतो. ओव्हरहेड प्रोजेक्टर नसेल तर पांढऱ्या प्रकाशपाटीवर काच ठेवा, वरून कॅमेरा लावा आणि ते चित्र साध्या प्रोजेक्टरला द्या. काचेखाली ट्रे मात्र हवाच, कारण तेल सांडतंच आणि शेजारीच वीज असते.

दुसरी वाट फीडबॅकची. कॅमेरा टीव्हीला जोडा आणि त्याच टीव्हीकडे रोखा. टीव्हीत टीव्ही, त्यात टीव्ही असा बोगदा दिसेल. आता कॅमेरा दहाएक अंश तिरका करा, बोगद्याला पीळ बसतो. झूम थोडा आत घेतला की तो पीळ फुलासारखा बाहेर उमलतो, बाहेर घेतला की आत कोसळतो. कॅमेऱ्याचं आपोआप फोकस आणि आपोआप एक्स्पोजर बंद करा, नाहीतर तुम्ही घडवलेलं सगळं कॅमेरा ‘सुधारत’ बसेल. खोली अंधारी करून मध्ये बोट घाला, एका बोटाची शंभर बोटं होतात. हे चित्र कधीच पूर्ण ताब्यात येत नाही. किंचित धक्का लागला तरी पळतं, आणि म्हणूनच उत्स्फूर्त वादकांशी त्याचं चांगलं जमतं.

तिसरी वाट संगणकाची. ऑलिव्हिया जॅकने बनवलेलं ‘हायड्रा’ हे चित्रांचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येच चालतं आणि मुक्तस्रोत आहे. एकेक ओळ लिहीत चित्र बदलता येतं. टचडिझायनर किंवा रिझोल्यूम येत असेल तर तेही उत्तम. मैफलीच्या महिनाभर आधी नवीन सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

पायरी ३ : ध्वनी आणि चित्राचा धागा किती घट्ट, ते ठरवा

कान आणि डोळा यांना एक सवय आहे. एखादा आवाज आणि एखादी हालचाल एकाच क्षणी घडली की दोन्ही एकाच गोष्टीचे आहेत असं मन धरून चालतं, मग त्यांचा काडीचाही संबंध नसला तरी. मिशेल शिआँ या फ्रेंच अभ्यासकाने याला ‘सिंक्रेसिस’ असं नाव दिलं. आपल्यासाठी याचा अर्थ असा की प्रत्येक ठोक्याला चित्र जोडायची गरजच नसते. प्रेक्षकांचं मन निम्मे धागे स्वतःच विणतं.

म्हणून आवाजाला आपोआप जोडलेली गोष्ट एकच ठेवा, फार तर दोन. मी साधारण १५० हर्ट्झच्या खालचा आवाज वेगळा काढते आणि त्यावर फक्त चित्राची उजळी सोडते. तीही चटकन चढेल आणि सावकाश, दोन-तीन सेकंदांत उतरेल अशी. चढ-उतार दोन्ही चटकन झाले तर पडदा फडफडतो. बाकी सगळं, म्हणजे रंग, वेग, आकार, हाताने. मिडीचा छोटा कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने चालवायची बटणांची पाटी, घ्या आणि त्यावर आठच बटणं नेमा. अंधारात नववं बटण सापडत नाही.

संपूर्ण मैफलीत चित्र आणि संगीत ठरवून समेवर यावं असे क्षण तीन-चारच असू देत, म्हणजे ते अंगावर येतात. पण त्या क्षणी चूक दिसते. दूरचित्रवाणीच्या प्रसारणासाठी ठरलेल्या मानकानुसार आवाज चित्राच्या आधी ४५ मिलीसेकंद किंवा नंतर १२५ मिलीसेकंद पोचला की फरक जाणवायला लागतो. म्हणजे चित्र मागे पडलेलं आपल्याला लवकर खटकतं, आणि प्रोजेक्टरची खोड नेमकी हीच असते. तो चित्र सजवत बसतो. त्याचा ‘गेम मोड’ चालू करा आणि चित्र सरळ करणारं कीस्टोन बंद ठेवून प्रोजेक्टरच सरळ मांडा. मग फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये वादकाची काठी आणि पडदा दोन्ही एका चौकटीत धरून चित्रण करा. काठी टेकल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलीसेकंद. अकराच्या आत आलं तर निर्धास्त राहा.

पायरी ४ : तालीम करा

‘उत्स्फूर्त आहे, मग तालीम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. सूर तयार करायचे नाहीत, कान तयार करायचे आहेत. पहिल्या तालमीत वादकांनी पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून फक्त पडदा बघायचा. दुसऱ्या फेरीत व्हिडिओवाल्याने पडदा काळा ठेवून फक्त ऐकायचं. तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी वाजवायचं, पण कोणत्याही क्षणी एकजण गप्प असलाच पाहिजे, पडद्यालाही त्यात मोजून. ही तिसरी फेरी वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे. आमच्याकडे पहिल्यांदा ती दीड मिनिटात मोडली.

वादकांना पडदा दिसतो का, हे बहुतेक ठिकाणी कोणी बघतच नाही. पडदा त्यांच्या पाठीशी असेल तर चित्र त्यांना उत्तर देईल, पण ते चित्राला कधीच उत्तर देणार नाहीत. त्यांना कडेला, पडद्याकडे अर्धवट तोंड करून बसवा. तेही जमत नसेल तर पायाशी लहान मॉनिटर ठेवा.

हाताच्या खुणा ठरवा. बुच मॉरिस या अमेरिकन वादकाने १९८५ पासून ‘कंडक्शन’ नावाने अशा खुणांची अख्खी भाषा विकसित केली. आपल्याला तीन पुरतात : थांब, आहे तिथेच राहा, संपवू या. चाळीस मिनिटांसाठी नकाशा म्हणून तीन-चार शब्द पुरे. ‘धूळ, उकळी, काच’ एवढ्यावर आमची एक आख्खी मैफल झाली. शेवट मात्र आधी बोलून घ्या. शेवटचा स्वर विरल्यावर चित्र दहा सेकंद उरणार, की आधी अंधार होऊन स्वर एकटा राहणार? हे ठरलेलं नसेल तर चार जण चार वेळा संपवतात आणि टाळ्या मध्येच पडतात.

पायरी ५ : जागा आणि तारा

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट, ते दिलेलं असतं. तो १.५ असेल तर ३ मीटर रुंद चित्रासाठी ४.५ मीटर अंतर लागेल. साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे दगा देऊ शकते, लांबी जास्त असेल तर ऑप्टिकल प्रकारची घ्या. स्पीकरमध्ये घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुधा लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि मिक्सर यांच्या अर्थिंगचा घोळ असतो. सगळं एकाच सर्किटवर आणा, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स ही ध्वनीची जोडपेटी लावा, तिच्यात ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ध्वनीच्या तारेतला अर्थिंगचा दुवा तोडणारी कळ, असावी. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवला तर त्याला चहा प्यायला पाठवा.

मग काळोख. प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतोच, राखाडी चौकोन कायम दिसत राहतो आणि अमूर्त चित्राची सगळी जादू त्या चौकटीपाशी अडते. १९५७ ते १९५९ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात हेन्री जेकब्स आणि जॉर्डन बेल्सन यांनी ‘व्होर्टेक्स’ मैफली केल्या. जेकब्सकडे ध्वनी, बेल्सनकडे चित्र. घुमटाला कडाच नव्हत्या, त्यामुळे आकार अधांतरी तरंगू शकत होते. आपल्याकडे घुमट नाही, पण चित्राच्या कडा मऊ करून काळ्यात विरवता येतात. आणि पूर्ण काळोख हवा त्या क्षणी भिंगासमोर पुठ्ठा धरायचा. गंमत नाही, आमच्या सगळ्या सामानात तो पुठ्ठा सर्वात जास्त उपयोगी पडला आहे. वादकांसमोरचे दिवे आणि लॅपटॉपचे पडदेही मंद करा.

एकदा ऐन विलंबित, जवळजवळ निःशब्द जागी, तीन मीटर रुंद पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना उगवली. सगळ्या सूचना बंद, वाय-फाय बंद, चार्जर लावलेला. हे कागदावर लिहून लॅपटॉपलाच चिकटवा.

लुकलुकणाऱ्या चित्राबद्दल हयगय नको. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट काही लोकांना अपस्माराचा झटका आणू शकतात, मोठ्या भागावरचा भडक लाल तर जास्तच. दारावर सूचना लावा, आणि असे लखलखाट टाळताच आले तर टाळा.

पायरी ६ : त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी

आधी प्रोजेक्टर लावा, कारण त्याला अंधार लागतो आणि नंतर लोक दिवे घालवू देत नाहीत. मग आवाज. मग दहाच मिनिटं एकत्र वाजवा आणि उठा. चाचणीतच रंगात आलेले वादक संध्याकाळी रिकामे असतात.

रेकॉर्डिंग करताना मिक्सरमधून ध्वनी आणि लॅपटॉपमधून चित्र अशा दोन वेगळ्या फाइली घ्या. दुसऱ्या दिवशी चित्राशिवाय ऐका, नंतर आवाजाशिवाय बघा. मग त्या रात्रीच्या चित्राखाली एखाद्या जुन्या तालमीचा आवाज लावून बघा. ज्या जागा तरीही हुबेहूब जुळतात, त्या वहीत टिपून ठेवा, तिथला धागा बघणाऱ्याच्या मनानेच विणलेला असतो. आणि ज्या अजिबात जुळत नाहीत त्यांची वेळही शेजारी लिहा, त्या मिनिटांत तुम्ही खरंच एकमेकांना ऐकत होतात.