एक्स्टर्नल टेप ड्राइव्ह घेताय? आधी कार्ड बघा

एलटीओ-८ (बॅकअपच्या टेपची आठवी पिढी) ड्राइव्ह बहुतेक सॅसवर (SAS, सर्व्हरमधल्या डिस्क जोडायची पद्धत) चालतो, यूएसबीवर नाही, त्यामुळे पीसीमध्ये साधं सॅस एचबीए कार्ड (ड्राइव्ह थेट पीसीला जोडणारं) लागतं, रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डवर बऱ्याचदा ड्राइव्ह दिसतच नाही, आम्ही त्यात अख्खा रविवार घालवलाय. खोक्यावर ३० टीबी लिहिलेलं असतं पण ते कॉम्प्रेशन धरून, लग्नाचे व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस झालेले असतात, म्हणजे १२ टीबीच धरा. आणि एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-७ची टेप वाचतो, एलटीओ-६ची नाही, जुन्या टेपा असतील तर हे आधी बघाच.

सगळ्यात महत्त्वाचं, डेटा सलग आणि वेगात द्या. स्लो हार्डडिस्कवरून हजारो छोट्या फाइल्स पाठवल्या की टेप थांबते, मागे जाते, परत पुढे येते, तो घर्रर्र आवाज आला की समजायचं, टेप आणि हेड दोन्ही झिजतायत. छोट्या फाइल्सची एक टार फाइल करा (सगळ्या एकाच फाइलमध्ये बांधा), एसएसडीवर ठेवा, मग लिहा.

पुण्यात जुलैत हवा किती दमट असते माहितीये ना, बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, दिवसभर त्याच खोलीत राहू द्या. क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितली तरच. लिहून झालं की टेपच्या कडेची खटकी लॉक करा, म्हणजे त्यावर चुकून परत लिहिलं जाणार नाही, आणि दोन-चार फाइल्स परत काढून उघडून बघाच.