कमोडोर ६४: डी६४ प्रत अडकत होती, जी६४ चालली

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाची मूळ गेम फ्लॉपी नीट चालायची, पण तिची डी६४ प्रत (फ्लॉपीतला डेटा उतरवलेली फाइल) शीर्षक दाखवून तिथेच अडकायची. डी६४मध्ये ३५ ट्रॅकवरच्या (फ्लॉपीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांवरच्या) ६८३ सेक्टरांतला, म्हणजे त्या पट्ट्यांच्या तुकड्यांतला, डेटा तेवढा उतरतो. कॉपी प्रोटेक्शन (नक्कल रोखणारी युक्ती) दडलेलं असतं त्यापलीकडे: सिंकच्या (सेक्टरातला डेटा कुठे सुरू होतो ते दाखवणाऱ्या खुणेच्या) लांबीत, सेक्टरांमधल्या फटींत, कधी थेट ३६व्या ट्रॅकवर. गेम नेमकं तेच तपासतो!

मग कमोडोरच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हला पॅरलल केबल बसवली, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली (म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जात नाही; हे विसरू नकाच) आणि झूमफ्लॉपीवरून (ड्राइव्ह आजच्या संगणकाला यूएसबीने जोडणारं उपकरण) निबटूल्स या प्रोग्रामने अख्खे ट्रॅक कच्चे वाचले. त्यातून मिळालेल्या फाइलची जी६४ केली, म्हणजे ट्रॅक जसेच्या तसे ठेवणारी फाइल. व्हाइस या इम्युलेटरमध्ये (कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्राम) ट्रू ड्राइव्ह इम्युलेशन, म्हणजे ड्राइव्हचीही हुबेहूब नक्कल, चालू ठेवलं आणि गेम शीर्षकापुढे सरकला. केवढा आनंद झाला! मूळ फ्लॉप्या असतील तर जी६४ही काढून ठेवा.