छोट्या पक्षातून ठाण्यात पुढं यायचं असेल तर

मोठ्या पक्षात रांग लांब म्हणून बरीच पोरं छोट्या पक्षात येतात आणि लगेच लेटरहेडवर जिल्हाध्यक्ष होतात. पद घ्या, पण आधी वॉर्ड पकडा. एकनाथ शिंदेंचंच बघा ना, १९८४ ला किसननगरचे शाखाप्रमुख, नगरसेवक झाले १९९७ ला आणि आमदार २००४ ला, ते पण मागे शिवसेनेची मोठी संघटना आणि २००१ पर्यंत ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघेसाहेब असताना.

पहिलं काम मतदार यादी. प्रिंट काढा, बिल्डिंगप्रमाणे वेगळी करा, सेक्रेटरीला फोन करून संध्याकाळी सोसायटीत जा आणि एकेक नाव तपासा. ज्याला १८ पूर्ण झाली त्याचा फॉर्म ६, जो दुसरीकडून राहायला आलाय त्याचा फॉर्म ८. घोडबंदर पट्ट्यात असे लोक खूप, नाव अजून जुन्याच पत्त्यावर. आणि हे आत्ताच करा, कारण महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, निवडणूक लागल्यावर पळापळ करून नाव येत नाही. यातूनच लोक ओळखायला लागतात, मग पाणी, ड्रेनेज, गटाराची झाकणं अशा तक्रारी आपोआप तुमच्याकडे येतात. प्रत्येक अर्ज प्रभाग समितीत लेखी द्या, पोच घ्या, फाईल ठेवा.

ही फाईल पुढे लागते. ठाण्यात १३१ जागा, ३३ प्रभाग, एक सोडला तर सगळे चार सदस्यांचे. छोट्या पक्षाला पॅनलमध्ये चार दमदार माणसं मिळत नाहीत, मग मोठ्यांशी बोलणी करावी लागतात आणि तिथं तुमचं काम कागदावर दिसलं तरच एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राचा विषय निघतो. स्वतःच्या पक्षाकडून लढलात आणि पक्षाला मान्यता नसली तर राखीव चिन्ह नाही, मुक्त चिन्हांतलं मिळेल ते प्रचाराच्या थोड्या दिवसांत घरोघरी पोचवायचं, म्हणून आधीपासून लोकांना तुमचं नाव माहीत पाहिजे.

निम्म्या जागा महिलांच्या. ऐनवेळी घरातल्या बाईला उभं करू नका प्लीज, बचत गट चालवणाऱ्या ताईला आजच पद द्या, बैठकीत बोलू द्या, ती तुमच्यापेक्षा जास्त घरं ओळखते.

एससी, एसटी, ओबीसी राखीव जागेवरून लढायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज लवकर टाका. आणि हरलात तरी निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचाच, नाही दिला तर राज्य निवडणूक आयोग पुढच्या वेळी अपात्र ठरवू शकतो.