ताकाशी शिमुराचे पिक्चर कुठून सुरू करायचे आणि बघताना लक्ष कुठे ठेवायचं

जुना जपानी सिनेमा म्हटलं की लोक आधी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचं नाव घेतात, मग त्याचा हिरो तोशिरो मिफुनेचं, आणि तिथेच थांबतात. पण कुरोसावाचे एकूण ३० पिक्चर, त्यातल्या १६ मध्ये मिफुने आहे आणि २१ मध्ये ताकाशी शिमुरा. कधी मुख्य भूमिकेत, कधी पाच मिनिटांसाठी. मला तो फार म्हणजे फार आवडतो, आणि त्याला नीट ओळखायचं असेल तर कुठला पिक्चर आधी बघता याने खूप फरक पडतो, म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी एक सांगते, 'इकिरु'पासून सुरुवात करू नका. सगळ्या याद्यांमध्ये तो पहिला असतो आणि बहुतेक जण तोच लावतात. त्यात तो खांदे पडलेला, आवाज घशातच अडकलेला म्हातारा कारकून आहे, आणि आधी तोच बघितला तर वाटतं की हा माणूस असाच असणार. तेव्हा शिमुरा जेमतेम ४७ वर्षांचा होता हे कळायला आधी त्याला ताठ उभा असलेला बघायला हवा.

म्हणून पहिला 'स्ट्रे डॉग', १९४९ चा. टोकियोतला भयंकर उन्हाळा, सगळे घाम पुसतायत, मिफुने नवीन पोलीस आणि त्याचं पिस्तूल चोरीला गेलंय. शिमुरा त्यात सातो नावाचा मुरलेला डिटेक्टिव्ह आहे. मिफुने त्याला पहिल्यांदा बघतो तेव्हा तो एका बाईची चौकशी करत असतो, आणि ती आणि तो दोघंही आरामात बर्फाची कांडी चोखत बसलेले असतात. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. इथे बोलणाऱ्याकडे बघूच नका, शिमुरा ऐकतोय कसा ते बघा. समोरच्याचं बोलणं ऐकत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे चालू असतं ना, तोच त्याचा खरा अभिनय, आणि एकदा ते दिसायला लागलं की मग प्रत्येक पिक्चरमध्ये दिसतं.

मग 'सेव्हन सामुराय', १९५४. साडेतीन तासांच्या आसपास आहे, सुट्टीच्या दिवशी बसा, मध्ये इंटरव्हल पण आहे. शिमुराचा काम्बेई पहिल्यांदा येतो तो नदीकाठी डोकं भादरून घेताना. सामुरायने स्वतःहून शेंडी कापायची म्हणजे केवढी मोठी गोष्ट, त्यामुळे भोवती गर्दी जमलेली असते आणि कोणालाच कळत नसतं हा का असं करतोय. एका चोराने लहान मूल ओलीस धरलंय आणि त्याच्यापर्यंत पोचायला याला भिक्षू व्हायचंय. भाताचे दोन गोळे हातात घेऊन तो त्या झोपडीकडे जातो. यानंतर पूर्ण पिक्चरभर तो विचार करताना, अवघडल्यावर, हसताना त्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवतो. तो हात नेमका केव्हा केव्हा येतो तेवढंच बघत बसलात तरी काम्बेईच्या मनात काय चाललंय ते कळतं. शिमुरा स्वतः सामुराय घराण्यातला, १९०५ मध्ये ह्योगोतल्या इकुनोला जन्मलेला, त्याचे आजोबा १८६८ च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत होते.

आता लावा 'इकिरु', १९५२ चा. वातानाबे, म्युनिसिपालिटीतला सेक्शन हेड, तीस वर्षं शिक्के मारतोय आणि कॅन्सर निघालाय. मोहल्ल्यातल्या बायका सांडपाण्याची तक्रार घेऊन येतात आणि या खात्यातून त्या खात्यात, तिथून पुढच्या खात्यात, आपल्याकडचं सरकारी काम आणि सहा महिने थांब अगदी तेच. माझे वडील नगरपालिकेतून रिटायर झाले, त्यांच्यासोबत बघत होते. सुरुवातीला वातानाबे ड्रॉवर उघडतो, त्यानेच वीस वर्षांपूर्वी काम सुधारण्यासाठी लिहिलेला प्रस्ताव आत पडलेला असतो, तो त्याचं एक पान फाडतो आणि त्याने शिक्का पुसतो. बाबा म्हणाले, जरा मागे घे. परत बघितलं आणि मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. शिमुरा तरुणपणी ओसाकाच्या म्युनिसिपालिटीच्या पाणीपुरवठा खात्यात कामाला होता, नाटकाच्या नादात ती नोकरी सुटली, त्यामुळे ते टेबल त्याला नवीन नव्हतं.

बघताना पाठ आणि मान बघा. आणि डबिंगमध्ये अजिबात बघू नका, सबटायटलच लावा, कारण वातानाबेचा तो पुटपुटणारा आवाज गेला तर अर्धा माणूस गेला. मोबाईलवर १.२५ स्पीडने तर नकोच, तो वाक्य सुरू करायलाच इतका वेळ घेतो आणि तो वेळ हाच रोल आहे.

हे तीन झाले की कुठलाही क्रम चालेल. 'ड्रंकन एंजल' (१९४८) मधला दारुडा, चिडका, पण पेशंटसाठी जीव टाकणारा डॉक्टर मला अतिशय प्रिय आहे. 'राशोमोन'मधला लाकूडतोड्या तर बघाच, आणि त्याच वर्षीच्या, १९५० च्या 'स्कँडल'मधला लाच खाणारा वकील लगेच त्याच्या पाठोपाठ बघा, एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. पहिला 'गॉडझिला' पण १९५४ चाच, म्हणजे काम्बेईच्याच वर्षी, त्यात तो डॉक्टर यामाने. सगळे त्या राक्षसाला मारायला निघालेत आणि याला वाटतंय की त्याचा अभ्यास करायला हवा, आणि हा माणूस घरी येऊन अंधाऱ्या खोलीत एकटा बसतो. मॉन्स्टर पिक्चर म्हणून त्याने एक टक्काही कमी काम केलेलं नाही.

गाणारा शिमुरा हवा असेल तर १९३९ चा 'सिंगिंग लव्हबर्ड्स', त्यात तो चक्क मस्त गातो.

शेवटी 'कागेमुशा', १९८०, कुरोसावाबरोबरचा त्याचा शेवटचा, पुढे फेब्रुवारी १९८२ मध्ये तो गेला. रोल छोटासाच आहे. पण परदेशात दाखवलेल्या कापलेल्या प्रतीत त्याचे सीन काढून टाकले होते, म्हणून लावायच्या आधी १८० मिनिटांची जपानी प्रत आहे ना तेवढं बघून घ्या.