आपत्ती सौम्यीकरण निधी: गावाचा प्रस्ताव परत का येतो? या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या सीनाकाठच्या गावांचे अनेक प्रस्ताव पहिल्याच ओळीत फसतात: 'पुरात झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी.' भरपाई पंचनाम्यावरून, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळते. सौम्यीकरण निधी पुढचा पूर आला तर नुकसान कमी व्हावे यासाठी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दोन्हींची वाटणी ८०:२० अशी ठरवली. म्हणजे मुळात सौम्यीकरणाचा वाटा लहान, त्यात मागणीच चुकीच्या खात्यावर गेली तर अर्ज टेबलावरून हलत नाही. बोटी आणि लाइफ जॅकेटची खरेदीही यात घालू नका. ती पूर्वतयारी झाली आणि तिची तरतूद प्रतिसाद निधीत आहे.

दुसरी चूक आकाराची. गावाभोवती पूरसंरक्षक बांध, नदीची मोठी भिंत अशी कामे नियमित विकास योजनांतून करावीत, हा निधी स्थानिक, लोकसहभागाच्या कामांसाठी आहे, अशी केंद्राची भूमिका आहे. नाला खोलीकरण मागण्याआधी तोच नाला जलयुक्त शिवारच्या आराखड्यात आहे का ते पाहा. एकाच कामावर दोन योजनांचा पैसा दिसला की फाइल संशयात अडकते.

सर्वांत जास्त घोळ पुराव्यात होतो, आणि तो खास आपल्या जिल्ह्याचा आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, म्हणून सगळे मंडळाचे आकडे जोडतात. ओढ्याच्या पुराला ते चालतात. भीमेच्या पुराला नाही. पंढरपूरला पाणी चढते ते उजनी आणि नीरेवरच्या वीर धरणाच्या विसर्गाने. त्या दिवशी पंढरपुरात लख्ख ऊन असू शकते. सीनेचे पाणीही वरून, अहिल्यानगर आणि धाराशिवकडून येते. अशा गावाने पावसाचा कोरा तक्ता जोडला तर धोका नाही हेच तो सिद्ध करतो! जलसंपदा विभागाकडून विसर्गाचे क्युसेकमधले आकडे तारीख-वेळेसह घ्या, आणि त्यांच्या शेजारी गावात पाणी कधी शिरले ती वेळ लिहा. दोन वेळांमधले अंतर म्हणजे इशारा देऊन माणसे हलवायला मिळणारा अवधी. भोंगा किंवा नदीवरची पातळीपट्टी मागायची तर याहून भक्कम कारण नाही.

पाण्याची उंचीही मोजून द्या. 'मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत' हे गावाला कळते, छाननी करणाऱ्याला नाही. पूरखूण भिंतीवर रंगवा आणि कनिष्ठ अभियंत्याकडून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या सर्वेक्षण यंत्राने) तिची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये काढून घ्या.

निवाऱ्याची जागा निवडताना गावाजवळची सोय पाहिली जाते आणि निवारा पूररेषेत येतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आहे. दोन्हींच्या मधली जागा नियंत्रित, तिथे बांधायचेच तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पुराहून वर हवी. रस्ताही बघा: निवारा उंचावर आणि वाटेतला पूल पाण्याखाली, असा निवारा कुलूपबंदच राहतो.

आकाशातून पडणाऱ्या विजेच्या बाबतीत सावध राहा. एकाच खांबावर शंभर मीटरची हमी देणारी 'अर्ली स्ट्रीमर' यंत्रे खपवली जातात. आयएस/आयईसी ६२३०५ या वीजसंरक्षणाच्या मानकात तशी पद्धत नाही. शाळा किंवा समाजमंदिर वाचवायचे तर छतावर मानकाप्रमाणे वीज जमिनीत नेणाऱ्या वाहकांची जोडणी घ्या. भूसंपर्काचा (अर्थिंगचा) रोध १० ओहमच्या आत हवा. उन्हाळ्यात माती कोरडी पडून रोध वाढतो, त्यामुळे मोजणी मे महिन्यात करा. पावसाळ्यात ओल्या मातीत घेतलेले आकडे बघून फसू नका. अंदाजपत्रकात ही रोधाची चाचणी धरलेलीच नसते, ती टाका.

कागदांचे थोडक्यात: अंदाजपत्रक चालू दरसूचीवर असावे आणि तांत्रिक मान्यता जोडलेली असावी. जागा गायरान असेल तर नुसता ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. देखभालीचा खर्च या निधीतून मिळत नाही, म्हणून भोंग्याची बॅटरी कोण बदलणार आणि कोणत्या निधीतून, हे ठरावातच लिहा. काम संपल्यावर मोजमाप पुस्तिका आणि अक्षांश-रेखांशासह फोटो जोडून उपयोगिता प्रमाणपत्र लगेच द्या.